बिननावाचं वाचन

माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. लहानपणी सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरशेजारी राहणाऱ्या मुलीला नवी सायकल आली, तेव्हा मला दोन दिवस ताप आला होता. आईनं दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप कशाचा होता ते मला तेव्हाही माहीत होतं, पण मी गोळ्या मुकाट्यानं खाल्ल्या.

भिलईत पोलाद होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. याच गावात आरएनएचं औषध करायच्या मागं लागलेली आम्ही आठ-दहा माणसंही आहोत, असं सांगितलं की नागपूरकडचे नातेवाईक माझ्याकडं जरा संशयानं बघतात. बाबा रेल मिलमधून रिटायर झालेले. त्यांना मी एकदा समजावून सांगितलं की आमचा आरएनए इतका नाजूक असतो की उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी त्याचे तुकडे होतात, कारण आपल्या कातडीवरच त्याला खाऊन टाकणारा पदार्थ असतो. बाबा बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "आमी लाल लोखंडाले हात लावत नव्हतो, हात जळन म्हणून. तुमी हात लावत नाही, माल मरन म्हणून. अजबच कारखाना हाय बाप्पा तुमचा."

आमचं काम सिकलिंगवर होतं. विदर्भातून इथं कारखान्यात आलेल्या आमच्यासारख्या घरांत आणि इथल्या छत्तीसगढी घरांतही हा रोग पुष्कळ. आमच्या नात्यातच दोघं आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस दुखण्यानं लोळतो. पण बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यानं पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर एक जनुक ते बंद करून टाकतं. आम्हाला करायचं होतं ते एवढंच: आरएनएचा एक छोटा तुकडा पेशीत सोडायचा, त्या जनुकाला गप्प बसवायचं, म्हणजे पोटातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागेल. सांगायला चार वाक्यं लागली. माझी त्यात सहा वर्षं गेली होती, आणि तो तुकडा, तो रेणू, माझा होता. मी अक्षर अक्षर जुळवून तो तयार केला होता.

मग ती आली.

ती अहिवाऱ्याहून स्कूटीवर यायची. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत डंपर चालवत. घर मूळचं भंडाऱ्याकडचं, म्हणजे आमच्यासारखंच. सकाळी ती गेटवर उतरायची तेव्हा स्कूटी, ओढणी, भुवया, सगळ्यावर पांढरी धूळ असायची. ती बाहेरच्या नळावर तोंड धुवायची, कपडे झटकायची, पांढरा कोट चढवायची आणि आत येऊन साऱ्या लॅबमधला सगळ्यात स्वच्छ हात चालवायची. याचाच मला राग. मी टाउनशिपमध्ये वाढलेली, रोज झाडलेल्या रस्त्यांवरून येणारी, आणि माझा आरएनए तुटायचा. ही धुळीतून यायची आणि हिचा शाबूत राहायचा. पेशीतून काढलेला आरएनए किती धड आहे याला आमच्याकडचं मशीन दहापैकी मार्क देतं. तिला नऊच्या खाली कधी मिळालेलं मला आठवत नाही. मला सात मिळाले तर मी मिठाई वाटायच्या बेतात असायचे.

ती डावखुरी होती. पिपेट डाव्या हातात धरून मान जराशी तिरकी करून काम करायची, आणि उघड्या नळीवर कधी म्हणजे कधी बोलायची नाही. थुंकीचा बारीक थेंब पडला तरी आरएनए गेला, हा आमच्यातला नियम सगळ्यांनाच पाठ असतो, पण पाळतं कोण? ती पाळायची. मी काही विचारलं तर आधी झाकण लावायची, मास्क खाली करायची आणि मग म्हणायची, "हं, ताई, बोला." तेवढ्या वेळात माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं ही मला धडा शिकवतेय. ती फक्त झाकण लावत असायची.

लॅबमध्ये सगळे हिंदी बोलत. मराठी घरची आम्ही दोघीच. त्यामुळं ती मला धरून असायची. मी जेवायला बसले की ती डबा घेऊन शेजारी येणार, मी बसस्टॉपकडं निघाले की ती स्कूटी वळवून म्हणणार, "चला ताई, सेक्टर दहाले सोडून देते." मला नाही म्हणता यायचं नाही, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

अशीच एकदा ती घरी आली आणि आईनं तिला बसवून पाटवडीचा रस्सा वाढला. तिनं दोनदा मागून घेतला. आईला मागून घेणारी माणसं फार आवडतात. ती गेल्यावर आई म्हणाली, "किती गुणाची पोरगी हाय. एवढ्या दुरून येते, अन् तोंडावर थकवा नाही."

"मी बी थकत नाही," मी म्हणाले.

"तू कावून थकशीन? तू त बसनं जाते," आई म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

त्या दिवसापासून माझा तिच्यावरचा राग लॅबपुरता राहिला नाही, तो घरात आला. तीन वर्षं मी तो पाळला. मी तिच्याशी वाईट वागले नाही, हे खरं. पण तिच्या कामाला चांगलंही म्हटलं नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये ती आकडे दाखवायची, सगळे वा म्हणायचे, आणि मी माझ्या वहीत काहीतरी खरडत बसायचे, जणू माझं लक्षच नव्हतं. कोणी मत विचारलंच तर म्हणायचे, "ठीक है." ठीक है म्हणायलाही मला कष्ट पडत.

आता तिचा स्वतःचा रेणूही तयार झाला होता. त्याच जनुकाला गप्प करणारा, पण वेगळ्या जागेवर जाऊन चिकटणारा. म्हणजे एका कामाला दोन रेणू झाले, एक माझा आणि एक तिचा, आणि उंदरांवरच्या प्रयोगाला दोनातला एकच जाणार होता. आमच्या मॅडमनी ते स्वच्छ सांगून टाकलं होतं. मॅडम रायपूरच्या, बोलणं मोजकं. "एक जाएगा, दूसरा फ्रीजर में रहेगा," एवढंच म्हणाल्या. फ्रीजरमध्ये राहणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. तिथून सहसा कोणी परत येत नाही. माझी सहा वर्षं फ्रीजरमध्ये जाणार की तिची तीन, एवढाच प्रश्न होता, आणि त्या महिन्यात मी दुसरा कसलाही विचार केला नाही.

निवड करायची मॅडमची एक पद्धत होती. त्या तिला ब्लाइंड म्हणत; मी मनात बिननावाचं वाचन म्हणायचे. आमचे टेक्निशियन, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते दोन्ही नळ्यांवरची नावं पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकायचे आणि वर 'क' आणि 'ख' लिहायचे. कोणतं अक्षर कोणाचं ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात, पाकीट मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. पुढं पेशींना रेणू द्यायचं कामही दादाच करायचे, आमच्यापैकी कोणाचा हात लागायचा नाही. मग आकडे आणि फोटो भिंतीवर लावायचे आणि ज्यांचे रेणू आहेत त्यांनीच आधी उठून क वर आणि ख वर बोलायचं. नाव माहीत नसलं की माणूस खरं बोलतो, असं मॅडमचं म्हणणं.

या वेळी आणखी एक गोष्ट होती. रेणू पेशीत न्यायला आम्ही तो चरबीच्या अगदी सूक्ष्म थेंबात बंद करतो. मॅडमनी नव्या प्रकारची चरबी मागवली होती आणि दोन्ही रेणू तिच्यात पहिल्यांदाच घातले जाणार होते. त्यामुळं आमचे जुने आकडे कामाचे नव्हते. आकडा बघून हा कोणाचा, हे ओळखायची सोय राहिली नव्हती.

पण मी ओळखलं.

दादांनी काम सुरू केलं त्या सकाळी मी त्यांच्या टेबलाजवळून काहीतरी घ्यायला गेले. काय ते आता आठवत नाही, बहुतेक काही नव्हतंच. ख ची नळी आत काचेच्या कपाटात होती. क ची बाहेर, बर्फाच्या डब्यात. आम्ही नळीचं झाकण सुटू नये म्हणून त्याच्याभोवती मेणाच्या पातळ पट्टीचा वेढा देतो, ताणून, घट्ट. उजव्या हाताचा माणूस तो एका बाजूनं गुंडाळतो, डावखुरा दुसऱ्या बाजूनं. अख्ख्या लॅबमध्ये डावखुरी ती एकटी. क च्या झाकणावरची पट्टी उलटी गुंडाळलेली होती.

मला इतका आनंद झाला की मी दादांना चहा आणून दिला. नियमानं मी तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं की मला कळलंय, नळ्या बदला. असं सांगणं हेच आमच्यात सभ्यपणाचं. मी सांगितलं नाही. क तिचा, ख माझा, हे मनात धरून मी बारा दिवस काढले.

मीटिंगच्या दिवशी भिंतीवर दोन आलेख लागले. पोटातलं हिमोग्लोबिन किती टक्के वाढलं, त्याचा क चा खांब उंच होता, ख चा त्याच्यापेक्षा बराच बुटका. खोलीत एक आवाज उठला, सगळ्यांचा मिळून. मला वाटलं, झालं, इथंही तीच. नव्या चरबीत, दादांच्या हातानं, नाव झाकून, तरीही तीच पुढं.

मॅडमनी आधी तिला विचारलं. ती उभी राहिली आणि जपून बोलली: क चा आकडा मोठा आहे, पण आणखी एकदा करून बघावं, ख लाही नव्या चरबीत थोडी संधी द्यावी, घाईनं कोणाला काढू नये. कोणाचंच मन दुखणार नाही असं ती नेहमीच बोलायची. मग माझी पाळी आली.

मी उठले आणि भिंतीजवळ गेले. टक्क्यांच्या आलेखाकडं मी बघितलंच नाही. मी खालचा छोटा तक्ता शोधला, जिवंत पेशींचा, ज्याच्याकडं सहसा कोणी बघत नाही. क दिलेल्या ताटलीत निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या होत्या. अक्षरांचा नुसता घोळ करून बनवलेला, काहीच न करणारा जो रेणू आम्ही तुलनेसाठी ठेवतो, त्याच्या ताटलीत पेशी ठणठणीत होत्या. म्हणजे दोष चरबीचा नव्हता, क चाच होता. मी फोटो मोठा करायला लावला. उरलेल्या पेशी आकसलेल्या, वेळेआधी म्हाताऱ्या झालेल्या दिसत होत्या.

मग मी सुटले. मी म्हणाले, हा आकडा वाढलेला नाही, बाकीच्या मेल्यामुळं उरलेल्यांची टक्केवारी मोठी दिसतेय. वर, पेशीला मारझोड केली की ती घाबरून आपोआपच पोटातलं हिमोग्लोबिन करायला लागते, हे आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. याला औषध म्हणायचं? हा रेणू नको त्या दुसऱ्या जनुकाला जाऊन चिकटतोय आणि ज्यानं बनवला त्यानं जिवंत पेशींच्या तक्त्याकडं कधी डोळे उघडून बघितलेलं नाही. मोठ्या खांबाच्या नादी लागून आंधळं झालेलं काम आहे हे. उंदरांना हे देणं पाप आहे. मी इतकी स्पष्ट, इतकी मुद्देसूद आजवर कधी बोलले नव्हते. मत्सरानं माझे डोळे असे काही धारदार झाले होते की मला फोटोतली एकेक पेशी दिसत होती.

आणि ख वर मी जे बोलले ते काय सांगू. मी म्हणाले, याचा खांब बुटका आहे, पण बघा, एकही पेशी दुखावलेली नाही. वाढ थोडी आहे पण खरी आहे, दर दिवसाला सारखी आहे. हे सबुरीनं केलेलं काम आहे. हे करणाऱ्याला दिखाव्याची हौस नाही, त्याला रोग्याची काळजी आहे. असा माणूस ज्या लॅबमध्ये आहे त्या लॅबनं स्वतःला नशीबवान समजावं. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

समोरच्या बाकावर ती मान खाली घालून भराभरा काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, रडू लपवतेय. मला बरं वाटलं.

मग मॅडमनी पाकीट उघडलं आणि चिठ्ठी वाचली. क माझा होता. ख तिचा.

मला आधी चिठ्ठीच चुकली असं वाटलं, पण दादांचं अक्षर मोठं आणि स्वच्छ असतं, आणि दादा असल्या बाबतीत चुकत नाहीत. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपने जो कहा, उस पर कायम हैं?"

नाही म्हणायची सोय होती. घाईत बोलले, पुन्हा बघते, असं म्हटलं असतं तर मॅडमनी ऐकलंही असतं. तोंड उघडणार तेवढ्यात ती उठली आणि माझ्याऐवजी म्हणाली, "मॅडम, एक बार और कर लेते हैं. दीदी का छह साल का काम है." मॅडमसमोर ती मला दीदी म्हणायची, एकटी असताना ताई.

ती माझी बाजू घेत होती. माझ्यावर दया करत होती, सगळ्यांसमोर. फाशी दिली असती तरी चाललं असतं, तिच्या दयेवर माझा रेणू उंदरांपर्यंत गेलेला मला चालणार नव्हता. मी म्हणाले, "कायम हूँ. क निकाल दीजिए."

अशा रीतीनं मी माझी सहा वर्षं माझ्या हातानं फ्रीजरमध्ये ठेवली.

नंतर दादांना विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले की तुमच्या नळीवरची मेणाची पट्टी फ्रीजरमध्ये तडकून सुटली होती, तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर होता, म्हणून त्या छोट्या मॅडमला सांगितलं, त्यांनी नवी गुंडाळून दिली. दोन्ही नळ्यांवर तिचाच वेढा होता. मी एकच बघितली होती. माझी नळी तिनं सांभाळली नसती तर मी बहुधा खरं ओळखलं असतं, क ची तारीफ केली असती आणि तो मरतुकड्या पेशींचा आकडा मिरवत उंदरांपर्यंत गेले असते. हेही मी तिचंच देणं लागावं, याचा मला आणखी वेगळा राग आला.

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षापासून प्रत्येक वहीत होतं ते. पेशी कमी, आणि शेजारी माझ्याच अक्षरात कारण: इन्क्युबेटर बिघडला, पेशी वाढवायचं माध्यम जुनं, मोजताना चूक झाली असावी. सहा वर्षं प्रत्येक वेळी मी दुसऱ्या कोणाला तरी दोष दिला होता. स्वतःच्या रेणूवर माझा इतका जीव होता की त्यानं मारलेल्या पेशी मला दिसल्याच नाहीत. तो तिचा आहे असं वाटलं आणि पाच मिनिटांत दिसल्या. आईनं विचारलं, "काय पाहून राहिली एवढं?" मी म्हणाले, काही नाही, रद्दी काढून राहिली.

लॅबमध्ये मात्र माझं नाव झालं. स्वतःच्या कामावर एवढं निर्दय बोलायला हिंमत लागते, असं जो तो म्हणायला लागला. ज्यांनी चिठ्ठी उघडताना माझा चेहरा बघितला होता तेही म्हणायला लागले. मॅडमनी एका नव्या विद्यार्थिनीला माझं उदाहरण दिलं: तिला म्हणे आधीच शंका आली होती की हा आपलाच असेल, तरी ती बोलली. मी ते खोडून काढलं नाही. माझ्याकडं आता दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं, तर मी हे ठेवून घेतलं.

आठवडाभरानं दुपारी आम्ही दोघी कँटीनच्या मागच्या पायऱ्यांवर डबे घेऊन बसलो होतो. उंदरांच्या कामाची सगळी तयारी तिच्या अंगावर पडली होती, पण आज ती काहीतरी मनात घेऊन आलेली दिसत होती. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मला वाटलं, आता ही विचारणार की ताई, तुम्हाला क माझा वाटला होता ना? मी उत्तर तयार करायला लागले.

"ताई, एक गोष्ट सांगू? हसू नका."

"सांग ना."

"त्या दिवशी ख बद्दल तुमी बोलून राहिल्या होत्या ना, ते मी सारं लिहून घेतलं. तिथंच बसून. मले काय माहीत ख कोणाचा हाय, माझा असन असं त वाटलंच नाही. बस, असं वाटलं का माझ्या कामाबद्दल कोणी कधी असं बोललं त कसं वाटन. म्हणून लिहून राहिली होती. अन् मग मॅडमनं चिठ्ठी वाचली."

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

"तीन साल झाले, ताई. तुमी कधी मले चांगलं म्हटलं नाही. मले बुरा नाही वाटला, सच्ची. मी समजत होती, ताईची नजर ऊँची हाय, आपण लायक होऊ तवा म्हणन. बाकी सारे त वा वा करतच राहतात, त्यायचं काय. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. अन् तुमी नाव माहीत नसताना म्हटलं. म्हणजे मुलाहिजा नाही, काही नाही, दिल से म्हटलं. घरी जाऊन आईले सारं वाचून दाखवलं मी. आई म्हणे, पुन्हा वाच. तीनदा वाचायले लावलं तिनं."

तिनं कोटाच्या खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. घड्या पडून मऊ झाला होता. मी हात पुसून तो घेतला आणि वाचला. एक शब्द तिनं सोडला नव्हता. सबुरीनं केलेलं काम. दिखाव्याची हौस नाही. असा माणूस ज्या लॅबमध्ये आहे त्या लॅबनं स्वतःला नशीबवान समजावं. मी ते सगळं माझ्याबद्दल बोलले होते. सहा वर्षं कोणीतरी मला हे म्हणावं म्हणून मी थांबले होते, कोणी म्हटलं नाही, म्हणून त्या दिवशी स्वतःच म्हणून घेतलं होतं. आणि त्यातला शब्द न् शब्द तिला लागू होता. मला एकही नाही.

"सच्चं बोलल्या होत्या ना, ताई?" तिनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं, तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "सच्चं बोलली होती."

तिनं कागदाची घडी घातली आणि जपून खिशात ठेवली. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही असेल. पण जास्त वाटला तो हेवाच. तो कागद मला हवा होता.